दहा तासांची ड्युटी, अडकवलेला पगार आणि हजेरीचं पान

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात गोखले रोडवरच्या एका कपड्यांच्या शोरूममध्ये एक ताई तीन वर्षं काउंटरवर होत्या. पगार 15,600 रुपये. सकाळी साडेदहाला हजर, रात्री साडेनऊला सुट्टी, मधे जेवायला एक तास. सोमवारी सुट्टी, पण दिवाळीच्या आणि लग्नसराईच्या दिवसांत तीही नाही. गेल्या महिन्यात त्यांनी राजीनामा दिला. मोडत्या महिन्यातल्या 12 हजेऱ्यांचा पगार मालकांनी अडकवला आहे. कारणं दोन सांगितली: एक महिन्याची नोटीस दिली नाही, आणि स्टॉक मोजला तेव्हा चार ड्रेस कमी निघाले, त्याचे 6,200 रुपये कापणार. नियुक्तीपत्र कधी मिळालंच नाही. ओव्हरटाइमचं विचारलं तर उत्तर मिळालं, "आता सरकारनेच दहा तास केलेत." काय करता येईल?

ताई, मी ठाण्यात 27 वर्षं कामगार कायद्याची वकिली करते. तुमच्यासारखी माणसं माझ्याकडे येतात ती बहुतेक अडकलेला पगार मागायला. तुमच्या बाबतीत ते 12 दिवसांचे, रोजचे 600 धरून, 7,200 रुपये. पण तुमचं खरं येणं त्याहून कितीतरी मोठं आहे आणि ते तुम्ही प्रश्नात जवळजवळ ओझरतंच लिहिलं आहे. म्हणून आधी तासांचं बोलते.

दहा तासांची गोष्ट अर्धीच खरी आहे. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकाने व आस्थापना कायद्यात बदल मंजूर केले. दिवसाच्या कामाची मर्यादा 9 तासांवरून 10 तासांवर गेली आणि हे 20 किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या ठिकाणी लागू झालं. तुमच्या शोरूममध्ये तुम्ही धरून 24 जण होते, म्हणजे ते तुम्हाला लागू. पण आठवड्याची मर्यादा 48 तासांचीच राहिली. मालक हे सांगत नाहीत. कित्येकांना ते ठाऊकही नसतं, कारण बातमीच्या मथळ्यात फक्त दहा तास होते. दहा तासांचा दिवस चालेल, पण असे सहा दिवस भरले की आठवड्याचे 60 होतात. 48 च्या वरचे 12 तास ओव्हरटाइम, आणि ओव्हरटाइमचा दर नेहमीच्या दुप्पट.

आता कागद-पेन घ्या. 15,600 ला 26 ने भागलं की दिवसाचे 600. त्याला 8 ने भागलं की तासाचे 75. दुप्पट म्हणजे 150. आठवड्याला 12 तासांचे 1,800 रुपये. वर्षाचे 52 आठवडे धरले तर 93,600, म्हणजे महिन्याला 7,800. तुमच्या पगाराच्या बरोबर निम्मे. एवढे पैसे दर महिन्याला तुम्ही शोरूममध्ये सोडून येत होता. रजा, खाडे आणि सणाच्या सुट्ट्या वजा करून आकडा थोडा खाली येईल. ज्या आठवड्यात सोमवारही भरला, त्या आठवड्यात तो वर जाईल, कारण मग 70 तास होतात आणि ओव्हरटाइम 22 तासांचा.

अजून एक. ओव्हरटाइम पैसे दिले तरी हवा तितका करून घेता येत नाही. तीन महिन्यांत 125 तासांची मर्यादा होती, ती आता 144 केली आहे. तुमचे आठवड्याचे 12 तास 13 आठवड्यांत 156 होतात. म्हणजे वाढवलेली मर्यादाही तुमच्या रोजच्या ड्युटीनेच मोडली, सणासुदीचं तर सोडाच.

साप्ताहिक सुट्टीबद्दल ठाणेकरांना मी एक गोष्ट नेहमी सांगते. गिरणी कामगारांसाठी लढून ज्यांनी ही सुट्टी मिळवली ते नारायण मेघाजी लोखंडे जन्माने ठाण्याचे. 1884 मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि 10 जून 1890 पासून रविवारची सुट्टी मिळाली. सव्वाशे वर्षांनंतर त्याच गावातल्या बायका ऐन दिवाळीत सलग वीस-वीस दिवस उभ्या राहतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं. सुट्टीच्या दिवशी बोलावलं तर बदली सुट्टी मिळायला हवी. ती मिळाली नसेल तर ते सोमवार तारखेनिशी आठवून लिहून काढा.

आता अडकलेल्या पगाराकडे येते. 21 नोव्हेंबर 2025 पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यातली वेतन संहिता 2019 सालची. किमान वेतन, वेतन प्रदान, बोनस आणि समान वेतन हे चार जुने कायदे तिच्यात सामावले. तिच्यात स्पष्ट लिहिलं आहे की राजीनामा दिला, काढून टाकलं किंवा नोकरकपात केली, काहीही झालं तरी राहिलेला पगार दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचा. "फुल अँड फायनल पंचेचाळीस दिवसांनी" ही जी पद्धत पडून गेली आहे, तिला पगारापुरता तरी आता आधार नाही. चालू नोकरीत महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत व्हायला हवा.

नोटिशीचं म्हणाल तर ती कुठून येते ते बघायचं. नियुक्तीपत्रात महिनाभराची अट लिहून तुमची सही घेतली असती, तर त्यावर वाद घालायला त्यांना जागा होती. तुम्हाला पत्रच दिलं नाही. जो कागद कधी निघालाच नाही, त्यातली अट तोंडी सांगून काम केलेल्या दिवसांचे पैसे जप्त करता येत नाहीत.

चार ड्रेसचं तर मला जास्त खटकतं, कारण हे ठाण्यात सर्रास चालतं. वर्षाअखेरीला स्टॉक मोजायचा, जे कमी निघेल ते काउंटरवरच्या मुलींत वाटून टाकायचं. कायदा असं म्हणत नाही. नुकसानीपोटी कपात करायची तर तो माल त्या व्यक्तीच्या ताब्यात खास सोपवलेला असायला हवा, नुकसान तिच्याच निष्काळजीपणामुळे थेट झालेलं असायला हवं, आणि कापण्याआधी तिला आपलं म्हणणं मांडायची संधी द्यायला हवी. चोवीस जण हाताळतात, गिऱ्हाईक ट्रायल रूममध्ये नेतं, रात्री घडी घालणारी मुलगी वेगळी आणि सकाळी मांडणारी वेगळी, अशा मालाची जबाबदारी एकट्या तुमच्यावर कशी येते, हे त्यांनी सिद्ध करायचं आहे. शिवाय सगळ्या कपाती मिळून त्या वेळच्या पगाराच्या निम्म्याच्या वर जाऊ शकत नाहीत. 7,200 चे निम्मे 3,600. म्हणजे त्यांचं सगळं खरं धरलं तरी 6,200 एका फटक्यात कापता येणारच नाहीत.

उशीर झाला की दंड कापतात, तेही विचारून ठेवा. दंडाची मर्यादा पगाराच्या 3 टक्के आहे. तुमच्या पगारावर 468 रुपये. दहा मिनिटं उशीर झाला म्हणून अर्धा दिवस कापणं हा प्रकार दंडातही बसत नाही आणि गैरहजेरीतही. गैरहजेरीचे पैसे जेवढा वेळ गैरहजर तेवढेच कापायचे.

आता पुराव्याबद्दल. सगळ्यात जास्त माणसं इथेच हरतात. पगार पूर्ण दिला होता हे सिद्ध करायची जबाबदारी नव्या संहितेने मालकावर टाकली आहे, ही कामगाराच्या बाजूची मोठी गोष्ट. पण तुम्ही रोज दहा तास काम करत होता, हे आधी तुम्हालाच उभं करावं लागतं. हजेरीचं मस्टर मालकाच्या कपाटात असतं.

वीस वर्षांपूर्वीची एक सुनावणी मला कायम आठवते. तुर्भे-महापे पट्ट्यातला एक छोटा कारखाना, नाव सांगत नाही. बारा तासांची पाळी असायची आणि पगार आठ तासांचा. कामगारांच्या हाती काही नव्हतं, फक्त एकाच्या घरी भिंतीवर टांगलेलं कॅलेंडर होतं. त्याची बायको रोज तो घरी आला की त्या तारखेच्या चौकटीत पेन्सिलीने वेळ लिहायची. दूधवाल्याचे खाडे लिहायची सवय, त्याच चौकटीत वर दूध आणि खाली नवऱ्याची घरी यायची वेळ. समोरून मालकाचं मस्टर आलं. स्वच्छ, एकाच निळ्या पेनाने लिहिलेलं, प्रत्येकाची येण्याची वेळ 9:00, जाण्याची 5:30. मी पानं उलटत गेले आणि 27 जुलै 2005 वर थांबले. आदल्या दिवशीच्या प्रलयाने मुंबई-ठाणे बुडालं होतं, लोकल बंद होत्या, माणसं रस्त्यांवर आणि गाड्यांत रात्र काढून पायी घरी येत होती. मस्टरमध्ये मात्र त्या दिवशी सगळ्यांची हजेरी, 9:00 ते 5:30. कॅलेंडरवर त्याच चौकटीत लिहिलं होतं, "दूध नाही. हे आले नाहीत." मी ती दोन्ही पानं अधिकाऱ्यांसमोर शेजारी शेजारी ठेवली. पुढे फार बोलावं लागलं नाही.

तुमच्याकडे कॅलेंडर नसेल, पण मोबाइल आहे. दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्री "आजचा सेल" टाकायची पद्धत बहुतेक शोरूममध्ये असते, त्या मेसेजवर वेळ असते. मॅनेजरचे "उद्या सोमवार सगळ्यांनी यायचं" असे मेसेज. रिक्षाचे ऑनलाइन पैसे भरलेली नोंद. घरी "निघाले" म्हणून केलेला मेसेज. फोनवर जाण्यायेण्याची नोंद चालू असेल तर तीही. पगार खात्यात आला असेल तर पासबुक, रोख मिळत असेल तर ज्या कागदावर सही घ्यायचे त्याचा फोटो. ग्रुपमधून काढून टाकायच्या आत हे सगळं उतरवून घ्या. राजीनामा दिल्यावर आधी ग्रुपमधूनच काढतात, हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की आता पहिल्याच फोनवर हे सांगते.

मस्टरबद्दल अजून एक विचारा: त्यावर नावं किती होती? 24 माणसं कामाला आणि मस्टरवर 18, हा खेळ जुना आहे. 20 चा आकडा गाठला की प्रॉव्हिडंट फंड आणि बोनस लागू होतो, म्हणून चार-सहा नावं बाहेर ठेवतात. ईएसआयला, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याला, तर 10 माणसं पुरतात. तुमच्या पगारावर ईएसआयचा तुमचा वाटा 0.75 टक्के म्हणजे 117 रुपये आणि मालकाचा 3.25 टक्के म्हणजे 507. पगार 21,000 च्या आत आहे, म्हणजे तुम्ही त्यात बसता. तीन वर्षांत कार्ड मिळालं नसेल तर ती वेगळी तक्रार होते. बोनस किमान 8.33 टक्के, वर्षात 30 दिवस काम केलेल्यालाही. दिवाळीला दिलेला ड्रेस आणि मिठाईचा पुडा हा बोनस नव्हे.

किमान वेतनही तपासा. कामगार विभाग ते उद्योगाप्रमाणे आणि परिमंडळाप्रमाणे ठरवतो. ठाणे, नवी मुंबई या महापालिका हद्दी सहसा परिमंडळ 1 मध्ये येतात. मूळ दरावर विशेष भत्ता मिळतो आणि तो दर सहा महिन्यांनी बदलतो, म्हणून दोन वर्षांपूर्वीचा आकडा कुणी सांगितला तर त्यावर विसंबू नका. सेल्समनचं काम अकुशल दाखवून खालचा दर लावतात, तिकडेही लक्ष द्या. जुन्या किमान वेतन कायद्याखाली निघालेल्या अधिसूचना नव्या संहितेखालीही चालू आहेत. "कायदाच बदलला, आता जुने दर नाहीत" असं कुणी म्हणालं तर ते चूक आहे.

रात्रीचं एक राहिलं. दुकाने कायद्यात बाईला तिच्या संमतीशिवाय रात्री साडेनऊनंतर कामावर ठेवता येत नाही. दिवाळीत शटर अर्धं खाली ओढून सव्वादहापर्यंत घड्या घालायला लावतात, तो वेळ कामाचाच. त्याचे पैसेही लागतात आणि घरी सुरक्षित पोचवायची जबाबदारीही त्यांचीच.

आता करायचं काय. आधी मालकांना साधं पत्र लिहा: नोकरीचा काळ, रोजची वेळ, 12 हजेऱ्यांचा पगार, ओव्हरटाइम, शिल्लक रजा, आणि कपात मान्य नाही हे. स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. फोनवर भांडू नका. आठ-दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर कामगार विभागाच्या ठाण्याच्या कार्यालयात अर्ज द्या. वेतन संहितेत असा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो. पूर्वी किमान वेतनाच्या दाव्याला सहा महिनेच होते आणि पगाराच्या दाव्याला बारा महिने. माझ्या डोळ्यांदेखत कितीतरी खरी येणी मुदत उलटून बुडाली. तुमच्या नोकरीचा बराच काळ नोव्हेंबर 2025 च्या आधीचा आहे आणि त्यावर मालकाचा वकील जुन्या मुदतीचा मुद्दा काढणारच. म्हणून एक दिवसही वाया घालवू नका.

अधिकारी येणं देण्याचा आदेश तर देऊ शकतातच, वर येण्याच्या दहापट रकमेपर्यंत भरपाईही लावू शकतात. निकाल तीन महिन्यांत द्यायचा प्रयत्न करावा असं संहितेत म्हटलं आहे. आदेशानंतरही पैसे दिले नाहीत तर ते जमीन महसुलाच्या थकबाकीसारखे वसूल होतात. अर्ज एकट्याने करायची गरज नाही, तुमच्यासारख्या आणखी तिघी असतील तर एकच अर्ज चालतो. नोंदणीकृत युनियनही करू शकते. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. ही सोय 1987 च्या कायद्यात आहे आणि फार थोड्या बायकांना माहीत आहे.

आता चार शब्द दुकानदारांसाठी, कारण माझ्याकडे निम्मे लोक तेच येतात आणि त्यातले बरेच लुबाडायला बसलेले नसतात. भाडं, जीएसटी, ऑनलाइन विक्रीची मार यांत ते हिशेबच करत नाहीत. तो करून दाखवते. 24 माणसं आठवड्याला 60 तास म्हणजे 1,440 तास. ओव्हरटाइम कायद्याप्रमाणे दिला तर महिन्याला 24 × 7,800 = 1,87,200 रुपये जादा. तेच 1,440 तास 48 ने भागले तर 30 माणसं लागतात. सहा माणसं नवी घेतली तर त्यांचा पगार 93,600, ईएसआय-पीएफचा वाटा धरूनही ओव्हरटाइमपेक्षा कितीतरी कमी. पहिली पाळी साडेदहा ते सात, दुसरी एक ते साडेनऊ, दोघींना अर्ध्या तासाची विश्रांती, प्रत्येकी आठ तास काम. संध्याकाळी चार ते सात या गर्दीच्या वेळी दोन्ही पाळ्या काउंटरवर असतात. राम मारुती रोडवरच्या एका दुकानदाराला मी हे लिहून दिलं होतं. त्याने दोन महिन्यांनी येऊन सांगितलं की मुली टिकायला लागल्या, दर तीन महिन्यांना नवीन शिकवायला लागत नाही.

आणि "माझ्याकडे सातच माणसं, मला कायदा लागत नाही" म्हणणाऱ्यांसाठी. गुमास्त्याची नोंदणी आणि तासांची कलमं 20 च्या खाली लागत नसतील, फक्त सूचना द्यायची असेल, पण वेतन संहिता माणसं मोजत नाही. किमान वेतन, 7 तारीख, कपातीचे नियम, पगाराची पावती आणि ओव्हरटाइमचा दुप्पट दर सात माणसांच्या दुकानालाही आहे. हजेरी खरी ठेवा. त्याच दिवशी लिहा, दोघांनी सही करा. उचल दिली तर तीही लिहा, तोंडी दिलेली उचल भांडणाच्या दिवशी कुणालाच आठवत नाही.

ऐरोली, महापेच्या आयटी पार्कमध्ये कंत्राटदारामार्फत हाउसकीपिंगला असणाऱ्यांचं थोडं वेगळं. कंत्राटदार पगार न देता पळाला तर ज्या कंपनीत काम करता ती जबाबदार ठरते, तेव्हा पत्र दोघांना पाठवा. वाशीच्या मार्केटमधले माथाडी आणि मंडळात नोंदलेले सुरक्षा रक्षक यांची मात्र 1969 आणि 1981 च्या कायद्यांखालची स्वतंत्र मंडळं आहेत. त्यांनी आधी आपल्या मंडळाकडे जावं.

ताई, तुमच्याकडे परत येते. अर्ज मराठीत, स्वतःच्या अक्षरात लिहिलात तरी चालतो. टाइप केलेलाच हवा असं कुणी काउंटरवर म्हणालं तर ऐकू नका. दोन प्रती न्या, एकीवर तारखेसह पोच घ्या. सोबत जोडायच्या कागदांत पहिलं पान तासांचं ठेवा: एका ओळीत एक आठवडा, पुढे भरलेले तास, 48 वजा जाता उरलेले तास, आणि गुणिले 150.